पेपर यायच्या आधीचं बजेट

बजेटचा दिवस जवळ आला आणि टीव्हीवर कोट घातलेली माणसं 'सामान्य माणसाला यंदा काय मिळणार' म्हणून भांडायला लागली, की मी स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी निवडायला घेते. नवरा बाहेरून हाक मारतो, "अगं, अर्थशास्त्र तू केलंस, मी नाही. ये की इकडे." मी म्हणते, गहू निवडायचेत. त्याला वाटतं, मला त्या विषयाचा कंटाळा आला. कंटाळा कसला, लाज वाटते. आणि ज्या माणसाची आठवण येऊन ती वाटते, तो मला कधी एक वाकडा शब्द बोललेला नाही.

पोखरकर सर आम्हाला बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवायचे. मूळचे आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावच्या वरच्या अंगाचे. बायकामुलं तिकडे आणि सर निमगाव सावाला, आमच्यापासून दोन घरं सोडून, एका खोलीत भाड्याने. कॉलेज तिथून एसटीने पाऊण तासावर. माझ्या वडिलांनी, आबांनी, एकदा विचारलं, "सर, कॉलेजच्या गावातच खोली का न्हाई घेतली?" तर म्हणाले, "तिथं पोरं मला भाजी घेताना बघतील. मास्तर वांग्याच्या भावात फसलेला पाहिला, की त्याच्याकडून मागणी-पुरवठा कोण शिकेल?" वांग्याच्या भावात ते आमच्या गावातही फसायचेच. भाजीवाली म्हातारी त्यांना लांबून येताना बघूनच भाव वाढवून ठेवायची.

उंच, हडकुळा माणूस. शर्टाच्या एका खिशात भाजलेले शेंगदाणे आणि दुसऱ्या खिशात त्यांची टरफलं. टरफल वाटेवर टाकायचं नाही, हा नियम. कधी चुकून टरफलाच्या खिशात हात गेला तर तेही तोंडात टाकायचे आणि चेहरा न बदलता शिकवत राहायचे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघायची त्यांना सवय होती. नवीन आलेल्या मुली त्यामुळे बिचकायच्या. वर्गात प्रश्न तोंडी विचारायला बंदी होती. चिठ्ठीवर लिहायचा, खाली नाव घालायचं आणि टेबलावर ठेवायचा. "लिहायला बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात," असं ते सांगत. आम्हाला ते पटायचं, कारण आमचे निम्मे प्रश्न तसे फालतूच असायचे.

उशिरा येणाऱ्याला सर वर्गाबाहेर काढत नसत. फळ्याजवळ उभं करून काय घडलं ते सांगायला लावत आणि मग वर्गाला विचारत, "बोला, कुठल्या खात्यात टाकायचं?" त्या काळी सरकारी खर्चाची दोन खाती असत. एक योजनेतला खर्च आणि दुसरा योजनेतर, म्हणजे योजनेबाहेरचा. सरांनी ते आमच्या फजित्यांना लावलं होतं. झोपून राहिल्यामुळे एसटी चुकली, तर ती योजनेतली फजिती. एसटीच वाटेत पंक्चर झाली, तर योजनेतर. माझी दोन्ही खाती भरलेली असत. सायकलच्या चेनमध्ये ओढणी अडकून मी सायकलसकट पाटात उतरले होते. एकदा चाचणीला हॉलतिकिटाऐवजी आईचं रेशनकार्ड घेऊन गेले होते. "मंदा," सर म्हणायचे, "तू म्हणजे कायमची तुटीची अर्थव्यवस्था आहेस." वर्ग हसायचा, मीही हसायचे. त्या थट्टेला धार नसायची, कारण स्वतःच्या फजित्या ते आमच्याआधी सांगून मोकळे व्हायचे. एका चतुर्थीला ओझरला दर्शनाला गेले आणि परत आले ते दोन्ही पायांत डाव्या चपला घालून. आठवडाभर तशाच घालून कॉलेजला यायचे. कुणी म्हटलं, सर, नवीन घ्या की. तर म्हणाले, "कुणीतरी दोन उजव्या घालून हिंडत असेल. त्याची माझी गाठ पडायला वेळ तर द्या."

पण गावाला सर ठाऊक होते ते बजेटमुळे. तेव्हा बजेट फेब्रुवारीच्या अखेरीला, संध्याकाळी पाच वाजता मांडायचे. भाषण इंग्रजीत. गावात पेपर यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या एसटीने. त्याआधी, सकाळी सात वाजता, सर एसटी थांब्याजवळच्या पारावर उभे राहून सगळं बजेट मराठीतून सांगायचे. सांगायचे म्हणजे कसं, अर्थमंत्री जणू त्यांच्या शेजारी जेवायला बसला होता असं. दूध घालायला निघालेले, टपरीवर चहा पिणारे, एसटीची वाट पाहणारे आम्ही कॉलेजचे, सगळे पाराभोवती जमायचे. आजूबाजूच्या वाड्यांवरूनही माणसं यायची. "बजेट ऐकताना कुणाला काय दिलं ते सगळेच ऐकतात," सर म्हणायचे. "कुणाचं नावच घेतलं नाही, ते ऐका." मग सुदामभाऊ दरवर्षी ठरल्यासारखा विचारायचा, "सर, आमच्या मेंढरांचं काय?" सुदामभाऊचा बाप मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडलेला. आता शेती होती, एक बैलजोडी होती आणि नावाला दहा-बारा मेंढरं. सर म्हणायचे, "यंदाही नाव नाही, भाऊ." "मंग लई बरं झालं," सुदामभाऊ म्हणायचा. "नाव न्हाई तर कर बी न्हाई." या संवादाशिवाय बजेट पूर्ण होत नसे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एकदा सरांबरोबर थांब्यावरून घरी चालले होते. सर महागाईबद्दल सांगत होते. मागून टेम्पो आला, त्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला, ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला, आणि सर आपले रस्त्याच्या मधून महागाई सांगत चाललेले. मी त्यांची बाही ओढली. टेम्पो अंगावरून गेल्यासारखा गेला. सरांनी बाही सरळ केली. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"आत्ता कळलं, सर."

"मग आत्ताच विसरायचं. नोकरीची आठ वर्षं राहिलीत. बहिऱ्याला कुणी वर्गावर ठेवत नाही."

तेव्हा मला त्या चिठ्ठ्या कळल्या आणि ते एकटक बघणंही कळलं. मी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. त्या वर्षीचा फेब्रुवारी आला तेव्हा सरांनी मला बोलावून सांगितलं की रेडिओला कान चिकटवूनही आता नुसती खरखर येते. "तू ऐकून लिहून देशील? भाषण जेवढं समजेल तेवढं, आणि मग मराठी बातम्या." मी हो म्हटलं. मी ऐकलं, लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरायला जाताना कागद त्यांना दिला. सर पारावर बोलले. माझे शब्द त्यांच्या तोंडून अख्खा गाव ऐकत होता, आणि मी एसटीची वाट पाहत हातभर लांब उभी. इतकी ऐट मी आयुष्यात पुन्हा कधी अनुभवली नाही.

पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होते. बजेटच्या दिवशी दुपारी चारला मामाची जीप दारात उभी राहिली. कुणाला काही न कळवता त्याने मला बघायला पाहुणे आणले होते. रेडिओ बाहेरच्या खोलीत फळीवर होता, मी त्यात नवे सेल घालून ठेवले होते, आणि त्याच्या बरोबर खाली मुलाचे वडील मांडी घालून बसले. मला साडी नेसवून पोह्यांचा ट्रे हातात दिला. घड्याळात पाच वाजून गेलेले. मुलाच्या वडिलांनी शिक्षण विचारलं. आबांनी अभिमानाने सांगितलं, "अर्थशास्त्र घिऊन बी.ए. करती."

"आरं वा," पाहुणे म्हणाले. "आज तर बजेट हाय. मंग सांगा बरं, काय काय सस्त व्हनार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला नम्रपणे खाली बघून गप्प बसता आलं असतं. पण मी हुशार होते ना! आदल्या दिवशीच्या पेपरात एक अंदाज वाचला होता, तो मी ठोकून दिला. "ट्रॅक्टर," मी म्हटलं. "ट्रॅक्टरवरचा कर काढणार आहेत." पाहुण्यांनी मान डोलावली. मामा म्हणाला, "बघा, घरबसल्या सांगती."

पाहुणे जेवून गेले तोवर मराठी बातम्या कधीच होऊन गेल्या होत्या. शेजारी जाऊन विचारता आलं असतं. सरांकडे जाऊन 'ऐकता आलं नाही' असं सांगता आलं असतं. दोन घरं तर सोडून होते. पण बघायला पाहुणे आले होते, हे सरांना सांगायची लाज वाटली. आणि त्याहून मोठी लाज वाटली ती, नेमून दिलेलं काम जमलं नाही असं कबूल करण्याची. मी बसले आणि गेल्या आठवड्याच्या पेपरांतल्या अंदाजांवरून एक सुंदर बजेट लिहून काढलं. सगळ्यात वर ट्रॅक्टर.

सकाळी नळावर जाताना कागद दिला. सरांनी तो वाचला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "ट्रॅक्टर? नक्की?"

"हो, सर."

"हे सुदामभाऊला पहिलं सांगतो," सर म्हणाले. इतके खूश झाले होते.

आणि खरंच त्यांनी ते पहिलं सांगितलं. सुदामभाऊ नेहमीचा मेंढरांचा प्रश्न विचारायला उभा होता, तो विसरूनच गेला. त्याच्या दारी एक व्यापारी गेले पंधरा दिवस मोटारसायकलवरून खेपा घालत होता, त्याच्या बैलजोडीसाठी. भावकीतले चौघं मिळून ट्रॅक्टर घ्यायचा विचारही बरेच दिवस चालला होता. "मंग आता उनाळाभर बैलांला चारा कशापायी घालायचा?" असं म्हणत तो तसाच घरी गेला.

साडेआठची एसटी आली. टपरीवाल्याने पेपरचा गठ्ठा सोडला आणि वाचता वाचता म्हणाला, "सर, हितं तर ट्रॅक्टरचं काईच न्हाई." सरांना ते ऐकू गेलं नाही. त्याने पेपरच त्यांच्या पुढे धरला. सर वाचत होते. एकेक ओळ चुकीची निघत गेली. सरांनी पेपर खाली केला आणि गर्दीतून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ते पारावर परत चढले.

"मंडळी, थांबा जरा," ते म्हणाले. "मी सकाळी जे सांगितलं ते चूक आहे. गेली तीन-चार वर्षं मला नीट ऐकू येत नाही. काल रेडिओ मी लावला, आणि जे ऐकू आलं नाही ते मनाने जोडलं. चूक माझी आहे."

एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि आम्ही कॉलेजची मुलं धावत जाऊन गाडीत बसलो. मी खिडकीतून मागे बघितलं नाही. मला बोलायचं होतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं तर मला त्या क्षणी हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं मला अजून विसरता येत नाही.

तोवर सुदामभाऊचे बैल त्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढून गेलेही होते.

पुढचं मला कळलं ते सुदामभाऊच्याच तोंडून. पुढच्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारातून परत येताना तो आमच्या ओट्यावर टेकला आणि आबांना सांगायला लागला. मी आत भाकरी थापत होते.

"आबा, सर माझ्यासंगं बाजारात आलं. कॉलेजातनं रजा काढून. म्हनले, तुमचं बैल माघारी आनू. म्या म्हनलं, सर, इकलेला बैल कुनी माघारी देतं व्हय? पर आयकायलाच तयार न्हाई. यापारी गावला, बैलं बी व्हती. सरांला वाटलं, हितं वरडून भाव करायचा, आन् आपल्याला तर आयकू येत न्हाई. म्या म्हनलं, हितं तोंडाचं काम न्हाई, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, आन् कुठलं बोट किती ते दावलं. यापाऱ्यानं रुमाल टाकला, सरांचा हात खाली घेतला. तो बोटं दाबतोय, सर बोटं दाबत्यात. कुनी चकार शब्द बोलंना. आबा, शेंगदान्यावानी सोलला राव त्याला! थोडं वर द्यावं लागलं, पर बैलं दिली त्यानं."

"वरचं कुनी दिलं?" आबांनी विचारलं.

"सरांनीच. म्या न्हाई म्हनत व्हतो. तर म्हनले, माझ्या कानाचा दंड हाय त्यो. आन् येताना टेम्पोत काय म्हनले माहितीये? म्हनले, भाऊ, समदीकडंच असं रुमालाखाली बोलायची चाल असती तर लई बरं झालं असतं."

दोघं हसले. आबा म्हणाले, "मास्तर लई सरळ हाय." मी तव्याकडे बघत होते. भाकरी जळाल्याचा वास आला तेव्हा आई ओरडली.

बातमी कॉलेजभर पसरायला चार दिवस लागले. आमच्या वर्गातली मुलं वाईट होती असं मी म्हणणार नाही. ती आमच्यासारखीच होती. कुणीतरी सुरुवात केली आणि मग रोजच व्हायला लागलं. सरांनी काही विचारलं, की उभं राहून नुसते कसेही ओठ हलवायचे, आवाज न काढता. सर कानामागे हात धरायचे, पुढे यायचे, पुन्हा विचारायचे, आणि ओठ पुन्हा नुसतेच हलायचे. आपले कान आता पुरतेच गेले, असं सरांना वाटत असावं. वर्ग हसू दाबायचा. मी पहिल्या बाकावर बसलेली असायचे. उभं राहून 'पुरे करा' म्हणणं एवढंच काम होतं. मी वहीत खाली मान घालून काहीतरी लिहीत राहायचे.

ज्यांच्यापुढे मी माझी हुशारी दाखवली होती, त्या पाहुण्यांचा निरोप याच दिवसांत आला. पोरगी चांगली आहे, पण पुढं पुढं बोलते. आबांना वाईट वाटलं. मला त्या निरोपाचं हसूही आलं नाही आणि रडूही.

परीक्षा झाली, मी पहिल्या वर्गात पास झाले. जूनमध्ये सरांचं नाव वेळापत्रकात नव्हतं. त्यांना लायब्ररीत बसवलं होतं, पुस्तकांच्या नोंदी करायला. दोन वर्षांनी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि खोली रिकामी केली. मी तेव्हा मामाकडे होते. पारावर बजेट पुन्हा कुणी सांगितलं नाही. सुदामभाऊ पुढे काही वर्षं त्या दिवशी पारापाशी येऊन उभा राहायचा, असं आई सांगायची.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते मंचरच्या एसटी स्टँडवर. माझं लग्न होऊन मी तिथेच राहायला आले होते, मुलगी सातवीत होती. सर बाकावर बसले होते, केस पांढरे झालेले, कानामागे मशीन. मी पाया पडले. त्यांनी लगेच ओळखलं. "मंदा! बस, बस." मशीनला बोट लावून म्हणाले, "आता सगळं ऐकू येतं. नको ते पण येतं."

इतकी वर्षं मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. ते तसं आलंच नाही. "सर," मी म्हटलं, "त्या वर्षी मी रेडिओ लावलाच नव्हता. घरी मला बघायला पाहुणे आले होते. मी सगळं मनाने लिहिलं."

"माहीत आहे," सर म्हणाले. "त्या कागदावर एकही खाडाखोड नव्हती. रेडिओ ऐकत लिहिलेला कागद इतका देखणा नसतो. पेपर बघितल्यावर माझ्या लक्षात आलं."

सर बोलत राहिले, रागाने नाही, एसटी उशिरा आल्याचं सांगावं तसं. "मला वाटलं, येऊन सांगशील. परीक्षेपर्यंत वाट बघितली. मग म्हटलं, पोर घाबरली असेल, आपणच जाऊन सांगावं, की एवढं मनाला लावून घेऊ नकोस. म्हणून एकदा संध्याकाळी तुमच्या दाराशी आलो होतो. तुझी आई म्हणाली, मंदा झोपलीय. मग म्हटलं, कशाला उठवायचं."

ती संध्याकाळ मला आठवत होती. सर अंगणातून येताना मला आतून दिसले होते. ते आबांना सगळं सांगायला आलेत, असं मी धरून चालले होते. 'मी झोपलेय असं सांग,' हे आईला मीच सांगितलं होतं. आणि ती बाहेर जाऊन सांगत असताना मी दाराच्या फटीतून बघत होते.

घोडेगावची गाडी लागली. सर उठले, पिशवी उचलली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गर्दीत शिरले. त्यांना खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुरू होऊन थरथरायला लागली तेव्हा मी खिडकीखाली जाऊन म्हटलं, "सर, मी झोपले नव्हते."

त्यांनी कानाकडे बोट केलं आणि हात हलवला. इंजिनाच्या आवाजात मशीनचा उपयोग होत नव्हता.

"मी जागी होते, सर!" मी ओरडले. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं. "जागी होते!"

सर माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी मान हलवली, काही न ऐकता 'हो हो' म्हणतात ना, तशी. मग गाडी फाटकातून बाहेर पडली.